इन्सुलिनचा खोका

काचेची वस्तू कशी बांधावी हे डिस्पॅचकाकांना कोणी सांगितलेले खपत नसे, आणि त्यात त्यांचे फारसे चुकत होते असेही नाही. उभी नोकरी त्यांनी काचसामानाच्या कारखान्यात, माल रवाना करण्याच्या खात्यात काढली होती आणि निवृत्त होताना ते त्या खात्याचे प्रमुख होते. दिव्यांच्या काचा, बरण्या, प्रयोगशाळेतल्या नळ्या असल्या नाजूक मालाची त्यांनी दूरदूर पाठवणी केली होती. इमारतीतले लोक त्यांना तोंडावर डिस्पॅचकाका म्हणत आणि काकांना ती चेष्टा न वाटता पदवी वाटे. घरात कप फुटला तर तो फुटला असे ते म्हणत नसत, हाताळणीत दोष राहिला असे म्हणत, आणि मग दोष कोणाच्या हाताळणीत राहिला याची चौकशी बसे. घरात माणसे दोनच असल्यामुळे चौकशी लवकर आटपे.

त्यातले दुसरे माणूस म्हणजे काकू. काकूंना बरीच वर्षे मधुमेह होता. जेवणाआधी इन्सुलिन टोचून घ्यावे लागे आणि ते त्या ओट्याशी उभ्या उभ्या, गॅसवरच्या दुधावर एक डोळा ठेवून, सुटलेले बटण लावावे इतक्या सहज टोचून घेत. डॉक्टरांनी पेन वापरून बघा म्हणून सुचवले होते, पण काकूंचा हात बाटलीवर आणि सिरिंजवर बसला होता, आणि बसलेला हात हलवायला त्या तयार नव्हत्या.

त्यांची लेक दूर परदेशात होती आणि तिचे दिवस भरत आले होते. जावई गुणी, पण बाळाला आंघोळ घालायची म्हटली तर आधी माहितीपत्रक शोधणारा. तेव्हा काकूंनी जायचे हे नक्की होते आणि काकूंबरोबर काकांनी जायचे हे ओघानेच आले. डॉक्टरांनी परवानगी दिली ती एका अटीवर. एकही डोस चुकता कामा नये, आणि औषध गार राहिले पाहिजे, पण गोठता कामा नये. एवढे सांभाळता येत नसेल तर जाऊच नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हे औषध तिकडेही मिळे, पण त्याला तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागे, आणि त्या डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत बाळ रांगायला लागेल असे लेकीचे म्हणणे पडले. म्हणजे सगळ्या मुक्कामाचे औषध इथूनच न्यायचे होते. छोट्या छोट्या, काचेच्या, बुचाच्या बाटल्या.

"गार पिशवीत घाला आणि हातातल्या बॅगेत ठेवा," डॉक्टर म्हणाले. "लोक नेतातच की."

'लोक' हा शब्द काकांना लागला. घरी आल्यावर चष्मा पुसून त्यांनी बाटल्या फ्रीजमधून काढून टेबलावर मांडल्या, एक बाटली दिव्यासमोर धरून तिच्या काचेची जाडी पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. काकूंनी बाटल्या परत फ्रीजमध्ये ठेवल्या. कामाला सुरुवात झाली ती अशी.

पहिला खोका बुटांचा होता आणि त्याच्याबद्दल काही सांगण्यासारखे नाही. पण तो बांधताना काकांनी दार उघडे ठेवले होते, आणि आमच्याकडे काय चाललंय ते बघा असे उघड्या दाराइतके स्पष्टपणे दुसरे काहीच सांगत नाही. पहिल्यांदा आले ते इमारतीचे सेक्रेटरी. सेक्रेटरी एकदा परदेशी जाऊन आले होते. ते काही आठवडेच तिथे राहिले होते, पण तेव्हापासून विमान या विषयावर इमारतीत दुसऱ्या कोणी तोंड उघडायची सोय उरली नव्हती. त्यांनी खोका उचलून पाहिला, ठेवला, आणि विमानाच्या पोटात किती गारठा असतो आणि त्याच विमानात वर माणसे बसतात तिथे कसे उकडते याचे साग्रसंगीत वर्णन केले. त्यांच्या मते औषध सरळ बर्फात घालावे हे बरे. काकांना बांधणीत कोणाचे ऐकायचे नव्हते, पण हवामान हा सेक्रेटरींचा प्रांत होता. म्हणून त्यांनी नमुन्यादाखल एक बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवून पाहिली. सकाळी ती दगड झाली होती. वितळल्यावर आत पांढरे तंतू तरंगू लागले.

काकूंनी ती बाटली बघितली आणि कचऱ्यात टाकली.

"चाचणीत एखादा नग जातोच," काका म्हणाले.

"माझ्या नगांवर करू नका चाचण्या," काकू म्हणाल्या.

म्हणून पुढच्या सगळ्या चाचण्या काकूंच्या संपलेल्या बाटल्या पाण्याने भरून झाल्या. संपलेल्या बाटल्या घरात पुष्कळ होत्या, कारण काका त्या टाकू देत नसत. चांगली काच आहे, उपयोगी पडेल, असे ते म्हणत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तसे म्हणून ठेवलेली वस्तू खरोखर उपयोगी पडली. काकांचा विश्वास त्यामुळे विनाकारण वाढला.

वरच्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या बाई राहत. त्यांनी बाटल्या लाह्यांमध्ये ठेवायला सुचवले. लाह्या हलक्या असतात, दबतात आणि विमान फार उशिरा सुटले तर खाताही येतात, असा त्यांचा तिहेरी युक्तिवाद होता. काकांनी तो गंभीरपणे ऐकून घेतला आणि मुंग्यांचा मुद्दा काढला. बाईंनी मुंग्या विमानात कशा येतील असे विचारले. काकांनी बाईंच्या लाह्यांबरोबर येतील असे सांगितले. बाई पुढे काही दिवस जिन्यात भेटल्यावर भिंतीकडे बघत जात.

आता खरे तर एवढ्यावर थांबता आले असते. पण आपला खोका विमान कंपनीला आधी कळवावा, असे काकांच्या मनाने घेतले. कारखान्यात माल निघण्याआधी पुढच्याला कळवण्याची पद्धत होती. त्यांनी विमान कंपनीला फोन लावला. बराच वेळ वाद्यसंगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली. वस्तू जिवंत आहे का, असे तिने विचारले. काका नाही म्हणाले. ज्वलनशील आहे का? नाही. पूर्वी जिवंत होती का? काकांनी थोडा विचार केला, कारण इन्सुलिन कशापासून बनते हे त्यांना नक्की माहीत नव्हते, आणि खोटे बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पूर्वीचे सांगता येत नाही, असे ते म्हणाले. मुलीने त्यांना फोन धरून ठेवायला सांगितले, पुन्हा संगीत लावले आणि मालवाहतूक विभागाला जोडून दिले.

हा योग वाईट होता. मालवाहतूक विभागात फोन उचलणारा गृहस्थ काकांच्याच जातकुळीतला निघाला. उभी हयात खोक्यांत गेलेली, घरी ऐकून घेणारे कोणी नाही. दोघे खूप वेळ बोलले. कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे टेकू द्यावेत की फोमचे, यावर त्यांचा थोडा मतभेद झाला आणि तोही परस्परांविषयी आदर राखून. प्रवासी आहे की माल आहे, हे त्या गृहस्थाने विचारले नाही आणि काकांनी सांगितले नाही. फोन ठेवताना त्याने मनापासून सल्ला दिला की वरून प्लास्टिकची पट्टी आवळून बांधा, म्हणजे वाटेत कोणी उघडायची छाती करणार नाही. काकांना भरून आले. निवृत्तीनंतर इतकी चांगली चर्चा त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

काकूंनी मात्र त्या मुलीलाच पुन्हा फोन लावून एक साधा प्रश्न विचारला होता. विमानात इन्सुलिन घेताना काही मदत लागली तर मिळेल का? नाही, असे उत्तर आले. कर्मचारी सुई टोचत नाहीत, सोबतच्या माणसाने टोचावी. काकूंनी आभार मानले. आपले आपण टोचून घेत होत्या, तेव्हा त्यांना त्या उत्तराचे काही वाटले नाही.

यानंतरचा खोका मात्र बघण्यासारखा झाला. बाहेर जाड पुठ्ठा, आत दुसरा खोका, दोन्हींमध्ये फोमचा थर, त्यात गार राहणारी पिशवी, पिशवीत एकेक बाटली काकांच्या एकेका लोकरी मोज्यात. सगळा मिळून तो विमानात हातात नेता येईल एवढ्याच मापाचा होता. काकांनी त्यावर चारी बाजूंनी लाल बाण काढले. आता फक्त त्याची परीक्षा उरली.

नव्या बांधणीची परीक्षा कशी घ्यायची याची कारखान्यात एक पद्धत होती. खोका वरून खाली टाकायचा. आधी सपाट, मग कडेवर, मग कोपऱ्यावर, आणि दर वेळी उंची वाढवायची. काकांनी ती पद्धत इमारतीच्या जिन्यात सुरू केली. पहिल्या दिवशी सेक्रेटरींनी आवाजाबद्दल तक्रार केली. दुसऱ्या दिवशी ते आवाज कुठून येतो हे बघायला आले. तिसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन आले. मग शिकवणीच्या बाईंची मुले येऊ लागली आणि त्यांच्यामागून बाईही आल्या, भिंतीकडे न बघता. खोका खाली आदळला की काका जिना उतरून येत, तो कानाशी धरून हलवत आणि आत खळखळले नाही की मान डोलवत. एका खोक्याने इमारतीत एवढी करमणूक केल्याचे कोणाला आठवत नव्हते. वरून काका विचारत, खाली कोणी नाही ना, आणि खालून सेक्रेटरी सांगत, कोणी नाही. ते काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते.

शेवटची परीक्षा दुसऱ्या मजल्यावरून, कोपऱ्यावर होती. सगळे माना वर करून बघत होते. सेक्रेटरीही वरच बघत होते, कारण बघण्यासारखे जे होते ते वर होते. काकांनी विचारले, त्यांनी वर बघतच कोणी नाही म्हणून सांगितले, आणि काकांनी खोका सोडला. त्याच वेळी काकू भाजीची पिशवी घेऊन जिन्याकडे आल्या. त्यांनी वर पाहिले आणि उजवा हात डोक्यावर धरला.

खोका हातावर आपटला, भिंतीवर गेला आणि घरंगळत पुढे चौकात जाऊन थांबला. काकू खालच्या पायरीवर बसल्या. टोमॅटो चौकभर झाले. काका दोन दोन पायऱ्या उतरत आले. वाटेत काकू बसल्या होत्या, त्यांना ओलांडून ते पुढे गेले, खोका उचलला, कानाशी धरला, हलवला आणि जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाले, "एकही नाही फुटली."

मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सेक्रेटरींनीही दोन वाजवल्या, आणि मग त्यांचे लक्ष पायरीकडे गेले.

"माझा हात बघता का जरा?" काकू म्हणाल्या.

मनगटाचे हाड मोडले होते. फार नाही, चीर गेली होती, पण प्लास्टर कोपरापर्यंत आले आणि बोटांनी बारीक काही धरणे बंद झाले. दवाखान्यात काका सारखे काहीतरी बोलत होते. प्लास्टर कसे छान बसले आहे, आत कापूस किती योग्य घातला आहे, असे. डॉक्टरांनी कशा पडलात म्हणून विचारले तेव्हा काकूंनी पडले नाही एवढेच सांगितले. काका खिडकीबाहेर बघू लागले.

त्या संध्याकाळी जेवताना काकू डाव्या हाताने चमच्याशी झगडत होत्या. काकांनी भरवू का म्हणून विचारले. काकूंनी चमचा खाली ठेवला.

"हात मोडला त्याचं काही नाही. हाड काय, जुळेल. पण तुम्ही मला ओलांडून गेलात," त्या म्हणाल्या.

काका नोकरीत साहेबांना, कामगारांना आणि रेल्वेलाही उत्तर देत आले होते, पण या वाक्याला कुठून हात घालावा हे त्यांना कळेना. माझं चुकलं, असे म्हणायला त्यांनी तोंड उघडले आणि त्यातून, घाईत होतो, असे बाहेर पडले. हे पहिल्यापेक्षा वाईट होते हे त्यांना लगेच समजले. त्यांना स्वतःची फार लाज वाटली आणि रात्रभर त्यांना झोप लागली नाही.

आणि आता खरा प्रश्न उभा राहिला. टोचायचे कोणी? तळमजल्यावर एक नर्सताई राहत. त्या कामावर जाताना आणि आल्यावर टोचून जाऊ लागल्या. पलीकडे पोचल्यावर लेक टोचणार होती, तिने तसे कळवले होते. पण मधे विमान होते आणि विमानात एक जेवण होते. तेवढा एक डोस काकांच्या वाट्याला आला. काकू म्हणाल्या, तो जमला नाही तर मी जात नाही. हे त्या धमकी म्हणून म्हणत नव्हत्या, डॉक्टरांचेच म्हणणे सांगत होत्या. पण त्या रात्री लेकीशी फोनवर बोलताना एका वाक्यानंतर त्या फोन काकांच्या हातात देऊन आत गेल्या. लेक विचारत होती, आई येईल ना?

येईल, काका म्हणाले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. काकांना सुई बघवत नसे. काकू ओट्याशी टोचून घेत तेव्हा काकांना गॅलरीत हमखास काहीतरी काम निघे, आणि इतकी वर्षे त्यांनी त्या गॅलरीतला नळ इतक्या वेळा तपासला होता की तो गळायची हिंमत करत नव्हता. नर्सताईंनी शिकवायला सुरुवात केली ती संत्र्यावर. पहिल्या संत्र्यात काकांनी सुई आरपार घालून स्वतःच्या अंगठ्यात काढली. दुसऱ्या संत्र्याला टोचण्याआधी त्यांनी त्याच्याखाली फोम ठेवला. ताई म्हणाल्या, काका, हे कुठे पाठवायचं नाहीये. तिसऱ्या वेळी सगळे बरोबर झाले आणि काका हळूच खाली बसले. सुई संत्र्यात तशीच उभी राहिली. त्यांना पाणी देण्यात आले. हे सगळे काकू शेजारी बसून बघत होत्या आणि जे सांगायचे ते ताईंच्या मार्फत सांगत होत्या. यांना सांग, बाटलीत आधी हवा सोडायची. यांना सांग, बुडबुडा दिसला तर टिचकी मारायची. काका प्रत्येक वेळी हो म्हणत, तेही ताईंनाच.

संत्री संपली तेव्हा काकांचा हात थोडा स्थिरावला होता. माणसावर मात्र त्यांना एकदाही करता आले नाही. निघायच्या सकाळपर्यंत ते उद्या करू म्हणत राहिले, आणि मग उद्या उरला नाही.

खोका मात्र त्यांनी सोडला नाही. काकूंनी सांगून पाहिले की तो इथेच राहू दे, पिशवी माझ्या बॅगेत घालते. पण आता तो खोका सोडणे म्हणजे एवढे सगळे उगाच झाले असे कबूल करणे होते, आणि तेवढी ताकद काकांच्यात नव्हती. आत खऱ्या बाटल्या भरून त्यांनी वरून चिकटपट्टी लावली आणि मालवाहतूकवाल्या मित्राने सांगितल्याप्रमाणे प्लास्टिकच्या पट्ट्या आवळल्या. एकच बाटली आणि सिरिंज काकूंनी त्या प्रवासातल्या डोससाठी बाहेर, स्वतःच्या पर्समध्ये ठेवल्या.

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर सगळ्यांचे सामान सरकत होते. काकांच्या खिशात कागद कापायचे पाते होते, ते काढून घेण्यात आले. काकांनी हरकत घेतली नाही, नियम त्यांना प्रिय होते. मग खोका यंत्रातून गेला आणि तिथेच थांबला. तपासणी अधिकारी पडद्याजवळ वाकल्या, मागे सरकल्या, पुन्हा वाकल्या. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. डॉक्टरांचे अक्षर डॉक्टरांचेच होते. त्यांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली आणि खोका उघडा म्हणाल्या.

"हा उघडायचा नसतो," काका म्हणाले.

हे वाक्य कारखान्यात कितीही योग्य असले तरी विमानतळावर म्हणायचे वाक्य नव्हे. आणखी दोन अधिकारी आले. काकांनी समजावून सांगितले की उघडायला त्यांची हरकत नाही, पण हातांनी तो उघडणार नाही, पाते लागेल, आणि पाते आत्ताच त्या अधिकारी बाईंनी जप्त केले आहे. अधिकाऱ्यांनी हातांनी प्रयत्न केला. एकाने पट्टी ओढली, दुसऱ्याने त्याला धरले. काका नको नको म्हणत होते, पण खरे सांगायचे तर त्यांच्या चेहऱ्यावर मधूनच एक समाधान चमकून जात होते, आणि ते काकूंना दिसले. मागची रांग वळण घेऊन बाथरूमपर्यंत गेली. शेवटी कात्री आली. ती साखळीने एका पेटीला बांधलेली होती, म्हणून पेटीही आली, आणि पेटी सोडायला सहीचा अधिकार असलेले गृहस्थही आले.

मग ते उघडणे सुरू झाले. पट्ट्या, चिकटपट्टी, पुठ्ठा, फोम, आतला खोका, पुन्हा फोम. टेबल भरले, खुर्ची भरली, फोमचे तुकडे सरकत्या पट्ट्यावर जाऊन दुसऱ्यांच्या बॅगांबरोबर यंत्रातून फिरून आले. अधिकारी बाईंनी एक मोजा चिमटीत धरून वर उचलला आणि हे काय आहे म्हणून विचारले. मोजा आहे, काका म्हणाले. त्यात बाटली होती. पुढच्या मोज्यातही होती. सगळ्या बाटल्या निघेपर्यंत विमानाची हाक दोनदा होऊन गेली होती. एकही फुटली नव्हती. काकांच्या ते ओठांवर आले होते, पण त्यांनी काकूंकडे पाहिले आणि गिळून टाकले.

"छान बांधलंय," अधिकारी बाई म्हणाल्या. त्या थकल्या होत्या. "आता हे सगळं इथून न्या."

पुन्हा बांधायला वेळ नव्हता. काकूंनी डाव्या हाताने खांद्यावरची बॅग उघडून समोर धरली. काकांनी गार पिशवी आणि तिच्यात सगळ्या बाटल्या, उघड्यानागड्या, एकमेकींना खेटून, तशाच घातल्या. काचेवर काच किणकिणली. बाकीचा पसारा तीन कचराकुंड्यांत बसला. मग दोघे धावले. काका पुढे धावत होते, मग ते थांबले आणि काकूंच्या मागून धावू लागले.

विमान वर गेले. काका खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसले होते, ते उड्डाणामुळे असावे असे शेजारच्या प्रवाशाला वाटले. जेवणाच्या गाड्यांचा खडखडाट ऐकू आला तेव्हा काकूंनी पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली. काकांनी कापसाने बाटलीचे बूच पुसले. हवा सोडली. औषध ओढले. बुडबुडा दिसला, टिचकी मारली. काकूंनी सिरिंज दिव्याकडे धरायला लावून पाहिली.

"अजून दोन रेघा," त्या म्हणाल्या. या खेपेला त्या त्यांच्याशीच बोलल्या होत्या. सांगायला मधे ताई नव्हत्या.

काकूंनी डावी बाही वर घेतली. तो दंड काकांनी आयुष्यात इतक्या जवळून आणि इतक्या भीतीने कधी पाहिला नव्हता. गाडी ढकलत आलेली हवाईसुंदरी दोन रांगा आधी थांबली आणि काय चालले आहे ते पाहून तिथेच थांबून राहिली. आजूबाजूच्या लोकांनी सभ्यपणे दुसरीकडे बघायला सुरुवात केली, त्यामुळे जास्तच अवघड झाले. काकांना डोळे मिटावेसे वाटत होते. मिटले नाहीत. त्यांनी कातडी चिमटीत धरली आणि सुई आत घातली.

ती गेली. दट्ट्या शेवटपर्यंत गेला. काका तसेच बसून राहिले.

"आता बाहेर काढा," काकू हळूच म्हणाल्या. "सुई घेऊन उतरायचं नाहीये मला."

काकांनी सुई झटक्यात काढली. त्या झटक्यात कोपर मांडीवरच्या बाटलीला लागले. बाटली उडाली, खुर्चीच्या लोखंडी पायावर टण्‌कन आपटली आणि कुठेतरी मागे गेली. तो आवाज पुढच्या दोन आणि मागच्या तीन रांगांनी ऐकला. मागच्या बाई पाय वर घेऊन बसल्या.

"दुखलं का गं?" काका म्हणाले.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"बाटली पडली," त्या म्हणाल्या.

"पडू दे. दुखलं का?"

"दुखलं थोडं," काकू म्हणाल्या. "अहो, बघा ना, फुटली असेल ती."

"फुटू दे," काका म्हणाले, आणि दंडावर कापूस धरून बसले. कापूस धरायची आता काही गरज नव्हती, रक्तही आले नव्हते, पण काकूंनी हात काढून घेतला नाही.

बाटली मागच्या रांगेतल्या बाईंना सापडली. त्यांनी ती पुढे दिली, मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पुढे दिली, आणि अशी हातोहात ती काकांपर्यंत आली. तिला काही झाले नव्हते. साधा चरासुद्धा नव्हता. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि काकूंना दिली. काकूंनी तिला पर्समध्ये टाकले, घराच्या किल्ल्या आणि कंगव्याच्या मधे, खाली कापूसबिपूस काही न ठेवता, आणि चेन ओढली. काकांनी ते पाहिले. मग जेवण आले आणि त्यांनी आधी काकूंच्या ताटावरचे झाकण काढून दिले.